अक्काबाईचे प्राण वाचवण्याचा माझा प्रयत्न

२ जून, सोमवार. दुपारी, भांडी झाल्यावर.
प्रवचनकार म्हणाले, रोज स्वतःचे दोष वहीत लिहून काढा, वर्षभरात माणूस धुतल्या तांदळासारखा होतो. नवी वही कशाला? मुलाच्या लहानपणच्या शाळेच्या वहीत मागची चाळीस पानं कोरी होती, तीच घेतली. देवाचं नाव घेऊन आठवायला बसले. आज दोष आढळले नाहीत. उद्या पुन्हा बघीन.
सुनेचे आढळले, पण ते या वहीचं काम नाही. एवढंच लिहिते की दिवा चालू ठेवून ती दोनदा खोलीबाहेर गेली.

३ जून.
दोष: नाहीत.

४ जून.
आपले आपल्याला दिसत नसतील म्हणून यांना विचारलं, माझ्यात काही खोट दिसते का. यांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं. म्हणजे नाहीच.

५ जून, गुरुवार.
घरात कोणी गेल्यासारखी शांतता. संपादकांचं पत्र आलं आहे.
आमची सून एका साप्ताहिकात कादंबरी लिहिते. दर शनिवारी एक प्रकरण. डोकं तिचं, अक्षर माझं. तिचं अक्षर म्हणजे कोंबडीने शाईत पाय बुडवून मारलेली फेरी. छापखान्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून दर सोमवारी तिच्या कागदांवरून मी स्वच्छ नक्कल करते आणि पाकीट टपालात टाकते. मॅट्रिकला शुद्धलेखनात माझी एकच चूक निघाली होती, तीही बाईंची होती.
तर संपादक लिहितात की कादंबरीतली सासू, अक्काबाई, वाचकांच्या डोक्यात जाते. पत्रांचा पाऊस पडतोय. पंधराव्या प्रकरणापर्यंत म्हातारीला मारा, नाहीतर कादंबरी तिथेच गुंडाळू. आत्ता दहा प्रकरणं लिहून झाली आहेत.
सून जेवली नाही. ताटावर बसून म्हणाली, आई, अक्काबाई दुष्ट नाही हो. नुसती नकोशी आहे. नकोशा माणसाला मारतात का?
मी म्हटलं, भात टाकू नकोस. पण मनातून मला पटलं.

६ जून.
अक्काबाई करते तरी काय, ते सकाळी शांतपणे आठवून पाहिलं. साखरेच्या डब्याला कुलूप लावते. काडेपेटीतल्या काड्या मोजते. शेजाऱ्यांची पोस्टकार्डं वाचते, कारण पोस्टकार्ड हे देवानेच उघडं ठेवलेलं पत्र आहे. जप करता करता मधेच, दयाघना, दूध उतू जातंय, कृपाळा, मेलं कोणी लक्ष देत नाही, असं म्हणते. यात डोक्यात जाण्यासारखं काय ते मला समजलं नाही. सबंध कादंबरीत तेवढी एकच बाई शुद्धीवर आहे.
अक्काबाई म्हणजे खरी कोण, हे मी दुसऱ्याच प्रकरणात ओळखलं होतं. आमच्या थोरल्या जाऊबाई. दुसरं कोण असणार? जाऊबाई जाड आहेत आणि अक्काबाई काटकुळी, अक्काबाईला चष्मा आहे आणि जाऊबाईंना नाही, पण कोणी ओळखू नये म्हणून लेखक मंडळी असे बदल करतातच.
जाऊबाईंचं आणि माझं तीस वर्षं पटलेलं नाही. तरी वैऱ्याचंही भलं चिंतावं असं सांगितलेलं आहे. निश्चय केला: अक्काबाईला मरू द्यायचं नाही. अर्थात सुनेची कादंबरीही वाचेल, पण ते दुय्यम.

९ जून, सोमवार.
अकराव्या प्रकरणाची नक्कल केली. सून रात्री वाचत बसलेली असते, अक्काबाई येते आणि दिवा मालवते. बस, एवढंच लिहिलंय. का मालवते? कारण नको का द्यायला? वाचक बिचारे गैरसमज करून घेणार नाहीत तर काय!
एक ओळ घातली: "अक्काबाई म्हणाली, डोळे देवाने दर्शनासाठी दिले आहेत, ते गोष्टी वाचून झिजवायचे नसतात."
हे पाप होतं का, असं देवापुढे बसून विचारलं. देव काही बोलला नाही. मौन म्हणजे संमती. पाकीट टाकलं.

१४ जून, शनिवार.
अंक आला. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई तो मशीनवर उघडा ठेवून वाचत होती. दिव्याच्या ओळीशी आली आणि ओठांत धरलेल्या टाचण्या खाली पडल्या. डोळ्यांतून पाणी. गिऱ्हाइकांनाही तेवढी ओळ वाचून दाखवली, त्यांच्याही डोळ्यांत पाणी. एकीला तर धाप लागली.
अक्काबाईविषयी कणव निर्माण झाली, हे उघड आहे.
सुनेने छापलेलं पान वाचलं. म्हणाली, आई, ही ओळ मी लिहिलेली आठवत नाही. मी म्हटलं, छापखान्यात चुका होतात. आणि जपाला बसले.

१५ जून.
दोष: एक. काल थोडं खोटं बोलले. पण ते दुसऱ्याच्या प्राणासाठी होतं, म्हणजे खोडला.
निश्चय क्रमांक दोन. सुनेला जाऊबाई लांबूनच माहीत आहेत, म्हणून तिला त्यांच्यातले नुसते दुर्गुण दिसतात. आठ दिवस त्यांना घरी बोलवावं. सद्गुण दिसले की अक्काबाई आपोआप गोड होईल. जाऊबाईंचे सद्गुण कोणते ते मला आत्ता आठवत नाहीत, पण सून लेखिका आहे, शोधील.
यांना सांगितलं. हे खोकले.

१७ जून, मंगळवार.
जाऊबाई आल्या. दोन ट्रंका. आठ दिवसांना दोन ट्रंका! पण एक शब्द बोलले नाही. फक्त म्हटलं, वहिनी, दोन ट्रंका? बास, तेवढंच.
त्यांनी कादंबरी पहिल्यापासून वाचलेली आहे. मी त्यांना स्वयंपाकघरात घेतलं, दार लोटलं आणि हळूच सांगितलं, की मनाला लावून घेऊ नका हं, पण ती अक्काबाई म्हणजे तुम्ही.
त्या म्हणाल्या, मी? मग पाटावर बसल्या. मग पदर तोंडात धरला. खांदे हलत होते. शेवटी उचकी लागली, पाणी दिलं. पश्चात्ताप प्रत्येकाला वेगळ्या तऱ्हेने होतो.

१९ जून.
जाऊबाई हाताने साखर खातात. कुलूप काढलेल्या डब्यातून. साखर दिसली की मुठीने घ्यायची, ही रीत!
सगळं घर त्यांच्याभोवती. मुलगा ऑफिसातून आला की आधी काकूकडे. हे वर्तमानपत्र खाली ठेवून हसले. यांचे दात मी कित्येक महिन्यांनी पाहिले. सून मांडीवर कागद घेऊन काहीतरी टिपत असते.
मी संयम ठेवला आहे. आज दिवसभरात फक्त चारदा बोलले. जाऊबाई ज्या खोलीतून उठतात तिथला दिवा मी मागोमाग जाऊन बंद करते, म्हणजे सुनेसमोर त्यांची शोभा व्हायला नको.

२३ जून, सोमवार.
तेराव्या प्रकरणाची नक्कल. थोडी चकित झाले. अक्काबाईकडे एक हसरी, जाडजूड पाहुणी येते. सगळं घर तिच्यावर खूश. अक्काबाई तिच्या मागोमाग दिवे मालवत फिरते आणि साखरेच्या डब्यावर रेघ मारून ठेवते.
आधी कळेना. मग उलगडलं. सुनेने जाऊबाईंचे दोन तुकडे केले आहेत. चांगला तुकडा पाहुणी, उरलेला अक्काबाई. डोकं आहे पोरीला.
रेघ मारल्याचं मात्र तिला कसं कळलं? रेघ अगदी पुसट होती.
तीन ओळी घातल्या. त्यातली मला आवडलेली: "अक्काबाई म्हणाली, पाहुणा हा देव असतो, पण देवसुद्धा नैवेद्य नुसता बघतो, खात नाही."

२५ जून.
जाऊबाई गेल्या. निघताना सुनेच्या कानात काहीतरी बोलल्या, दोघी भिंतीला टेकून हसल्या. मला म्हणाल्या, अगं, तू अशीच राहा बाई, बदलू नकोस, माझं म्हातारपण सुखात जाईल.
तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याविषयी चांगलं बोलल्या. कादंबरीचा परिणाम.

२६ जून, गुरुवार.
साप्ताहिकाचा चित्रकार आला. अक्काबाईचं चित्र काढायचं आहे. दार मीच उघडलं. म्हटलं, पाय पुसा, दोन्ही पुसा, आणि सून घरात नाही, बसायचं तर बसा पण पंखा लागणार नाही, वारा खिडकीतून येतो. बसला. माझ्याकडेच बघत होता. तासभर सून आली नाही, तरी म्हणाला, काम झालं माझं, आणि गेला.
हल्लीच्या पोरांना धीर नाही.

२८ जून, शनिवार.
पाहुणीचं प्रकरण छापून आलं. नैवेद्याची ओळ शिंपीणबाईने कापडाच्या कपाटावर खडूने लिहून ठेवली आहे. सुविचार म्हणून ठेवली असणार.

४ जुलै, शुक्रवार.
विजय!
संपादकांचं पत्र. अक्काबाईला मुळीच मारू नका. पत्रांचा ढीग पडलाय, अंक हातोहात खपतोय. लोक लिहितात की ही बाई आमच्या घरात आहे, आमच्या ऑफिसात आहे, एकाने लिहिलंय मी स्वतःच आहे. कादंबरी वर्षभर चालू ठेवा, करार सोबत जोडला आहे. विशेष आवडलेली वाक्यं म्हणून त्यांनी चार लिहून पाठवली. चारही माझी!
सून पत्र घेऊन स्वयंपाकघरात आली, मला मिठी मारली आणि हातातल्या उलथन्यासकट गोल फिरवलं. भाजी लागली. काही बोलले नाही, फक्त म्हटलं, भाजी लागली.
एक जीव वाचवला. तोही वैरिणीचा. गर्व वाईट, म्हणून कोणाला सांगायचं नाही असा निश्चय केला.
संध्याकाळी: शिंपीणबाईला सांगितलं की ती चार वाक्यं माझी आहेत. ती म्हणाली, सांगायला कशाला हवं? म्हणजे माझी भाषा लोक ओळखू लागले.

५ जुलै, शनिवार.
चित्र छापून आलं. काही जमलेलं नाही. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली आहे, तेवढी माझ्यासारखी आहे. हनुवटी पण. उभं राहायची ढब पण. बाकी सगळी जाऊबाई.
बाजारात भाजीवाली चित्राकडे बघायची आणि माझ्याकडे. म्हणाली, आजी, तुमच्याशी घासाघीस केली ना मी इतकी वर्षं! आणि न मागता कोथिंबीर घातली.

७ जुलै, सोमवार. दुपार.
पंधराव्या प्रकरणाची नक्कल करायला बसले. म्हातारीने मरायचं ते हेच प्रकरण होतं, म्हणून उत्साहाने बसले.
कादंबरीतली सून नोकरीचा अर्ज लिहिते. कोण घेणार मला, म्हणून फाडते आणि केराच्या टोपलीत टाकते. अक्काबाई टोपली उपसते, कारण कागद मागून कोरा आहे. मग तुकडे जुळवते. वाचते. तोंड वाकडं करते. पिठाची खळ करून चिकटवते, त्यावरून नवा अर्ज लिहिते आणि टपालात टाकते. तिकिटांचा खर्च वहीत साबण म्हणून लिहिते. कोणाला सांगत नाही. नोकरी लागल्याचं पत्र येतं त्या दिवशी, आता घरचं कोण बघणार, म्हणून दिवसभर आदळआपट करते.
एवढी नक्कल झाली आणि टाक थांबला.
जाऊबाई टोपलीत हात घालणाऱ्यातल्या नाहीत. जन्मात कधी घातलेला नाही.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने.
आमच्याकडे अर्ज नव्हता. कादंबरीचं पहिलं प्रकरण होतं. चार तुकडे. मला फारसं आवडलंही नव्हतं, ऱ्हस्व-दीर्घ सगळं उलटंपालटं. पण फाडण्याइतकं वाईट नव्हतं. लिहून काढलं, पाठवलं. साबण म्हणूनच लिहिलं. छापून येणार असल्याचं पत्र आलं तेव्हा सून बावरली होती, मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याने पाठवलं असेल.
हे मी या वहीतसुद्धा लिहिलेलं नाही.
मग तिला कसं कळलं?
आणि जाऊबाई नाही, तर कोण?

८ जुलै.
काही लिहायचं नाही.
चहात मीठ पडलं. सगळ्यांनी तसाच प्यायला.

९ जुलै.
पहिल्यापासून सगळे अंक काढून वाचले. कुलूप. काड्या. पोस्टकार्डं. दयाघना, दूध उतू जातंय. तपशिलात कुठेही चूक नाही. एके ठिकाणी तर कमीच लिहिलंय.
शिंपीणबाईच्या कपाटावरची ओळ आठवली. तिकडच्या जिन्याने जाणं बंद. दुसरा जिना नाही.

१० जुलै, गुरुवार.
सून डाळ निवडत होती, तिच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, अक्काबाईला मारून टाक.
ती म्हणाली, आता? वर्षाचा करार झालाय, आई.
म्हटलं, पडते म्हणून दाखव, जिना ओला होता म्हणून दाखव. एका ओळीत होतं काम. हवं तर मी लिहून देते.
ती म्हणाली, नको, तुम्ही लिहिलंत की ती आणखी जगते.
म्हणजे ओळींचं तिला पहिल्यापासून माहीत होतं. विचारलं, आणि साबणाचं? म्हणाली, एका आठवड्यात हिशेबात तीन साबण, आणि न्हाणीघरात वडी तर कागदासारखी पातळ. संशय आला. मग छापखान्यातून पहिल्या प्रकरणाची प्रत परत आली, ती तुमच्या अक्षरात. त्या दिवशी ठरवलं, की आता तुमच्यावरच लिहायचं.
मी म्हटलं, उपकाराची चांगली फेड केलीस. पंचक्रोशी हसतेय.
ती डाळ बाजूला ठेवून म्हणाली, आई, तुम्ही वाईट असता तर दोन प्रकरणांत संपला असता. वाईट माणसाचं पुढे काय होणार ते सगळ्यांना माहीत असतं. तुमचं मलाच माहीत नसतं, म्हणून तर लिहिते.
म्हटलं, खडे तसेच राहिलेत, नीट निवड.
ते पंधरावं प्रकरण वेळेवर पोचायला हवं होतं. अर्धवट राहिलेली नक्कल पुरी केली, आपणहून जाऊन टाकून आले. एकही ओळ घातली नाही. कागदावर एका जागी शाई फुटली आहे, छापखान्याला चालेल.

१२ जुलै, शनिवार.
अंक आला. शिंपीणबाई मशीन थांबवून वाचत होती. हसली नाही. मला जिन्यात गाठून म्हणाली, काकू, साबणाचं वाचून मला कसंसंच झालं. म्हटलं, तुझं ते परकराचं शिवण उसवलंय, ते आधी बघ.
दोष: हा कदाचित लिहिता येईल. उद्या ठरवीन.

१५ जुलै.
सोळावं प्रकरण काल शब्दशः उतरवलं. निश्चय: यापुढे अक्काबाईच्या तोंडी माझा एक शब्द जाणार नाही. माझंच तोंड आवरलं की तिचं आपोआप बंद होईल, लोक कंटाळतील, संपादक गुंडाळतील. युक्ती बिनतोड आहे. आजपासून घरात गरजेपुरतंच बोलणार.
हे दोनदा विचारून गेले, तब्येत बरी आहे ना.

१९ जुलै, शनिवार.
अंक आला. लोक म्हणतात, या खेपेला अक्काबाई आजारी आहे का? शिंपीणबाईच्या तीन गिऱ्हाइकांनी काळजीने विचारलं. भाजीवाली म्हणाली, आजी, तब्येत जपा.
युक्ती लागू पडते आहे.

२१ जुलै, सोमवार. दुपार.
सतरावं प्रकरण. मधोमध सुनेने दोन ओळींची जागा कोरी सोडली आहे. समासात, कोंबडीच्या पायांनी: "इथे अक्काबाई काहीतरी बोलते. मला सुचत नाही. आई, तुम्ही बघा."
बघणार नाही, असं ठरवून बसले. अर्धा तास गेला. जागा कोरी ठेवली तर छापखाना काय म्हणेल? चांगलं काही सुचलं, ते तिला शोभेना. जे शोभलं असतं, ते लिहायला हात होईना.
शेवटी सुनेला हाक मारली. म्हटलं, ही काय रीत झाली, मधेच कागद कोरा सोडायचा, आणि सोडायचा तर दोन ओळी कशाला, बायकांना एका ओळीत बोलता येत नाही का, मागची बाजू तर अख्खी तशीच टाकलीस, कागद काय देव वरून सोडतो का तुझ्यासाठी, आणि बाहेरच्या खोलीतला दिवा कोण बंद करणार, मी का?
ती आतून म्हणाली, वा, झालं की आई. तेवढंच घाला.
घातलं. दोन ओळी पुरल्या नाहीत.